उन्हाकडे तोंड केलेली तिवई

मित्रांनो, मी साखरा गावच्या खळ्यावरची तीन पायांची तिवई आहे. आता म्हातारी झाले आहे, एका पायाला भेग पडली आहे. पण आधीच सांगून ठेवते, मला कोणी बसायचे स्टूल म्हटले की माझे डोके फिरते! माझ्यावर कोणी बसत नाही, माझ्यावर उभे राहतात. ज्वारीची कणसे बैलांच्या पायाखाली मळून झाली, की दाणे आणि भूस एकत्र पडलेले असते. मग एक माणूस माझ्यावर चढतो, भरलेली पाटी खांद्याच्या वर धरतो आणि वाऱ्यात हळूहळू ओततो. जड दाणे सरळ खाली पडतात, हलके भूस उडून लांब जाते. याला उफणणे म्हणतात. तुमच्या ताटातल्या भाकरीत भुसाची काडी सापडत नाही ना? ती माझी कामगिरी आहे.

माझा जन्म १९३१ सालचा. तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. बांधावरची एक बाभूळ वादळात आडवी झाली आणि संतराम सुताराने तिच्यातून माझे तीन पाय आणि वरची फळी काढली. चांगली माणसाच्या छातीइतकी उंच केली मला. काम झाल्यावर तो स्वतः माझ्यावर चढून दाणदाण नाचला आणि म्हणाला, "घेऊन जा दगडोबा. तुह्या नातवाच्या लग्नापर्यंत हालली तर माझं नाव बदल."

दगडोबा हा माझा मालक. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि उफणण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. वारा सुटणार हे त्याला पान हलण्याआधी कळायचे. "आला गं, आला!" असे ओरडून तो माझ्यावर चढायचा, आणि मग काय विचारता! दाण्यांचा सर्रर्र आवाज, भुसाचा पिवळा लोट, बैलांच्या घुंगरांचा नाद! त्याची बायको गोजरबाई राशीच्या कडेला, त्याच्या समोर उभी राहायची आणि तोंड वर करून एकेक भरली पाटी त्याच्या हातात द्यायची. दोघांचे हात असे जुळलेले होते, की पाटी कधी मध्ये थांबली नाही. स्वतःचे खळे आटोपले, की दगडोबाला दुसऱ्यांच्या खळ्यांवरून बोलावणी यायची. मी त्याच्या खांद्यावर बसून गावभर मिरवायची.

दगडोबाच्या घराण्याची एक रीत होती. धान्य सूर्य पिकवतो, म्हणून उफणताना सूर्याला पाठ दाखवायची नाही आणि डोक्यावर काही ठेवायचे नाही. पाठ दाखवली तर राशीची बरकत जाते, असे त्याचा आजा सांगून गेला होता. त्यामुळे दगडोबा आधी सूर्य कुठे आहे ते पाहायचा. मग मला अशी रोवायचा, की ऊन थेट तोंडावर यावे आणि वारा उजव्या हाताला लागावा. पटका सोडून तो बाभळीच्या फांदीला अडकवायचा आणि बोडक्या डोक्याने चढायचा. दरवर्षी दीड-दोन महिने, दुपारभर, उघड्या डोळ्यांत ऊन, वारा आणि भुसाची टोचरी कुसे. गावातले इतर लोकही त्याचे पाहून तसेच उभे राहू लागले. खरे सांगू? मला ते फार आवडायचे. साक्षात सूर्यासमोर छाती काढून उभी राहणारी मी! माझा तोरा काय वर्णावा.

सहाव्या वर्षी त्या तोऱ्याला पहिला धक्का बसला. शेजारचे शेत महेबूबचे होते. शेती थोडी, म्हणून तो भांड्यांना कलई करायचा. एकदा आमच्या खळ्याशेजारीच त्याने भट्टी पेटवली आणि गोजरबाईची काळवंडलेली परात अशी चकचकीत केली, की तिच्यात आभाळ दिसावे. त्याने ती दगडोबापुढे धरली.

दगडोबाने परातीत तोंड पाहिले, अंगठ्याने एक जागा पुसली, पुन्हा पुसली. "महेबूब, एवढी कलई केली आन् हा डाग काहून ठेवला?"

महेबूबने परात पाहिली, मग दगडोबाचे तोंड उन्हाकडे वळवले. त्याचा आवाज एकदम खाली आला. "दगडूभाऊ, डाग परातीत न्हाई. तुह्या डोळ्यात हाय. नाखुना हाय हा."

दगडोबाच्या उजव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यातून, गुलाबी-पांढऱ्या मांसाचा एक तिकोनी पापुद्रा निघाला होता आणि त्याचे टोक बुबुळाच्या दिशेने होते. महेबूब त्याला नाखुना म्हणायचा, आमची माणसे वडस म्हणतात. त्यात बारीक लाल शिरा होत्या. दगडोबाला महिनोन्‌महिने डोळ्यात खडा असल्यासारखे खुपत होते, पण खळ्यावर कोणाच्या डोळ्यात खुपत नाही?

आता गंमत ऐका. या दुखण्याचा दोष कोणावर आला असेल? माझ्यावर! शेजारच्या रुख्मिणीबाईने निर्वाळा दिला, की एवढ्या उंचावर उभ्या राहणाऱ्या माणसाला लोकांची नजर लागते आणि ती तिवईतून चढते. झाले. माझ्या एका पायाला काळा दोरा आणि बिब्बा बांधला. मी कितीतरी वर्षे तो बिब्बा मिरवला आणि मनातल्या मनात धुमसत राहिले. कोणी डोळ्यात कांद्याचा रस पिळायला सांगितला, कोणी शंख उगाळून घालायला. रस पिळला त्या दिवशी दगडोबा खळ्यावर गडबडा लोळला आणि डोळा दोन दिवस उघडला नाही. पापुद्रा होता तिथून तसूभर मागे गेला नाही.

शेवटी १९३८ साली महेबूबने त्याला गाडीत घालून हिंगोलीला नेले. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा बधिर करून ते मांस कापून काढले. दगडोबा परत आला तेव्हा काय त्याचा आनंद! भेटेल त्याला पापणी वर करून दाखवत होता. डॉक्टरांनी त्याला बजावले होते, की हे नजरेने होत नाही, ऊन, वारा आणि धूळ यांनी होते, म्हणून डोळ्यांवर सावली ठेवा. दगडोबाने मान डोलावली होती. पण त्याच्या मनात हिशेब वेगळाच होता. पायातला काटा काढला की काटा संपला, तसे डोळ्यातले मांस काढले की मांस संपले, असे त्याला वाटले.

अकराव्या दिवशी वारा सुटला. "आला गं, आला!" म्हणत दगडोबा बोडक्या डोक्याने माझ्यावर चढला, तोंड सूर्याकडे. महेबूब बांधावरून ओरडला, "आरं, डाक्टर काय बोलले व्हते?"

"मांस काढलं ना त्याहीनं? मंग आता काय ऱ्हायलं?" दगडोबा हसून म्हणाला. मीही हसले, मित्रांनो. मला माझा मान परत मिळाला होता ना! आज ते आठवले की माझ्या लाकडाला शरम वाटते.

दोन वर्षांत ते मांस परत आले. पहिल्यापेक्षा जाड आणि लाल. १९४१ च्या होळीपर्यंत त्याचे टोक बुबुळाच्या मध्याजवळ पोचले. दगडोबाला एका दाण्याचे दोन दिसू लागले. पाटी वाकडी ओतली जाऊ लागली आणि राशीत भूस पडू लागले. एका खळ्यावरचे बोलावणे थांबले, मग दुसऱ्यावरचे. ज्याच्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती, तो माणूस माझी फळी हाताने चाचपून चढू लागला.

तेवढ्यात बातमी आली! हिंगोलीचे तेच डॉक्टर दौऱ्यावर गोरेगावच्या बाजाराला येणार होते आणि शाळेत डोळे तपासणार होते. तिथे टेबले कमी होती, म्हणून उंच घडवंची असेल तर आणा, असा निरोप गावोगाव होता. महेबूबने दगडोबाला गाडीत बसवले, गोजरबाईला बसवले, आणि मलाही उचलून टाकले. "ही बी कामाला येईल," तो म्हणाला. मी आयुष्यात पहिल्यांदा गाव सोडून निघाले होते. ते खडखडणारे चाक, बाजाराची गर्दी, बांगड्यांची दुकाने! मला हे पाहू की ते पाहू असे झाले.

आणि शाळेत मला कोणते काम मिळाले असेल? कंपाउंडरने मला साबणाने घासले, फळीवर पांढरे स्वच्छ कापड घातले आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या अवजारांचे ताट माझ्यावर ठेवले! बारीक चिमटा, बारीक आकडा, नखाएवढी कात्री. दगडोबा माझ्याशेजारी बाकावर आडवा झाला. डोळ्यात बधिर करणारे थेंब पडले. डॉक्टरांनी आकड्याने तो पापुद्रा अलगद उचलला आणि बुबुळावरून सोलत सोलत कोपऱ्यापर्यंत मागे आणला. दगडोबाची बोटे बाकाला घट्ट धरून होती. गोजरबाई दाराशी पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. कात्रीचा एक बारीक आवाज झाला आणि डॉक्टर म्हणाले, "निघाले!" माझे तिन्ही पाय शहारले.

पट्टी बांधून झाल्यावर मात्र डॉक्टर रागावून बोलले. "दगडोबा, मागच्या वेळीही मी सांगितले होते. हे मांस परत वाढते. तिसऱ्यांदा वाढले तर बुबुळावर पांढरा डाग राहील आणि मग कापूनही ही नजर मिळणार नाही. उन्हाकडे पाठ करून काम करा. कपाळाच्या पुढे येईल असे काहीतरी डोक्यावर बांधा. धूळ गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. आणि जखम भरेपर्यंत खळ्यावर पाऊल टाकायचे नाही."

"व्हय," दगडोबा म्हणाला. पण गोजरबाईने नवऱ्याचा व्हय ओळखला होता. ती डॉक्टरांचा शब्द न् शब्द ऐकत होती.

चौथ्या दिवशीच परीक्षा आली. खळ्यावर सगळी मळलेली ज्वारी उघडी पडली होती, आणि दुपारी डोक्यावर ऊन रणरणत असतानाच एका अंगाने काळे ढग चढू लागले. गारांचे ढग! अशा वेळी गावात उसना माणूस मिळत नाही, जो तो आपापल्या खळ्याकडे धावलेला. ज्वारी भिजली असती तर वर्षभराची भाकर काळी पडली असती. आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. असा भरघोस, एकसारखा वारा मी दहा वर्षांत पाहिला नव्हता!

खळ्याबाहेर बाभळीखाली बसलेला दगडोबा ताडकन उठला. त्याचा हात पट्टीकडे गेला. "सर गं. एका पहाराचं काम हाय. डोळ्याचं मागून पाहू."

गोजरबाईने त्याचा हात धरला. "पट्टीला हात लावायचा न्हाई."

"मंग काय रास भिजू देऊ?"

ती माझ्याकडे आली, मला दोन्ही हातांनी उचलले आणि पाठ सूर्याकडे येईल अशी फिरवून रोवली! मित्रांनो, दहा वर्षांत माझे पाय पहिल्यांदाच त्या बाजूला रुतले. तिने पदर कपाळावर पुढे ओढला, कासोटा खोचला आणि माझ्या फळीवर पाय ठेवला. बाईमाणूस तिवईवर! शेजारच्या खळ्यावरून संतराम सुतार ओरडला, "दगडोबा, बायकोला उतरव! आन् सूर्याला पाठ?"

दगडोबाच्या तोंडचे पाणी पळाले होते. "गोजरे, बरकत जाईल," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता.

गोजरबाई वरून म्हणाली, "सूर्य लई मोठा हाय. त्याला माझी पाठ दिसली तर तो रुसायचा न्हाई. तुमचा डोळा रुसला तर मातर परत येयचा न्हाई. महेबूबभाऊ, पाटी द्या!"

महेबूबने आपले खळे सोडून पाटी उचलली. त्याची बायको हलीमा भरून देत होती, तो वर देत होता. पहिली पाटी गोजरबाईच्या हातून घसरली आणि अर्धी ज्वारी भुसात गेली. दुसरी बरी पडली. तिसऱ्या पाटीला तो आवाज आला, सर्रर्र! वीस वर्षे समोर उभे राहून तिने नवऱ्याचे हात पाहिले होते, ते काय फुकट गेले? ढग जवळ येत होते, वारा वाढत होता, आणि माझ्यावर उभी राहून गोजरबाई पाटीमागून पाटी ओतत होती. तिच्या पायांना सवय नव्हती, पण मी तिला जराही हलू दिले नाही. "हाण गोजरे!" बाभळीखालून दगडोबा ओरडला. रीत, बरकत, सगळे विसरून ओरडला! शेवटची पाटी पडली, तिघांनी रास पोत्यांत भरली, पोती गाडीत टाकून वर ताडपत्री ओढली, आणि पहिली गार माझ्या फळीवर टणकन आदळली.

पट्टी सुटली तेव्हा डोळा लाल होता, पण बुबुळ स्वच्छ होते. पुढच्या हंगामात सगळे गाव पाहत होते, की दगडोबा मला कसा रोवतो. त्याने सवयीने सूर्याकडे तोंड करून रोवले. थांबला. मग मला उचलले, फिरवले, पटका कपाळावर पुढे घेऊन बांधला आणि चढला. त्या वर्षी रास कमी भरली नाही. हळूहळू साखऱ्यातल्या सगळ्या तिवया फिरल्या. मांस परत आले नाही. दगडोबाची बोलावणी सुरू झाली. माझ्या पायाचा बिब्बा त्याने स्वतः सोडून फेकला. मी म्हटले, जिंकलो आपण!

पण मी एक गोष्ट पाहिली नव्हती, मित्रांनो. ती सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

१९४८ चा हंगाम. मुलखात धामधूम होती, तरी ज्वारीला ते कुठे ठाऊक? दगडोबा माझ्यावर उभा होता, पाठ उन्हाकडे, डोळे स्वच्छ. वारा ऐन भरात होता. गोजरबाईने तोंड वर करून पाटी दिली. दगडोबाने पाटी घेतली, आणि ती त्याच्या हातात तशीच राहिली. एवढा चांगला वारा वाहून चालला होता आणि दगडोबा ओतत नव्हता! तो खाली उतरला. त्याने गोजरबाईची हनुवटी धरून तिचे तोंड उन्हाकडे केले. तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, गुलाबी-पांढरा, तिकोनी, तांदळाच्या कणीएवढा पापुद्रा होता.

"हे कवापासून हाय?"

"आसंल दोन वर्सं. चुरचुरतं जरासं."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी वर ऱ्हाता," गोजरबाई म्हणाली. "मी तुमच्याच डोळ्याकडं पाहून राहिले व्हते. परत येतं का म्हनून."

तेव्हा माझ्या लाकडात लख्ख उजेड पडला. मी सूर्यासमोर होते, तेव्हा समोर उभ्या असलेल्या गोजरबाईच्या पाठीवर ऊन पडायचे. मला फिरवले तेव्हा दगडोबाची पाठ उन्हाकडे झाली आणि गोजरबाईचे तोंड! सात हंगाम ती दुपारभर वर पाहून पाट्या देत होती, आणि ऊन, वारा, कुसे सगळे तिच्या उघड्या डोळ्यांत जात होते. ज्या बाईने दगडोबाचा डोळा वाचवला, तिच्या डोळ्याकडे सात वर्षे कोणी पाहिले नाही. मीही नाही. मी आपल्या विजयात दंग होते.

दगडोबाने पाटी खाली ठेवली. वारा वाहत होता, आणि त्याने तो वाहू दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चांगला वारा सोडला. महेबूबला हाक मारून त्याने दोन उंच लाकडी बल्ल्या आणल्या, गोजरबाईच्या उभ्या राहण्याच्या जागी रोवल्या आणि त्यांवर कडब्याच्या पेंढ्या आडव्या बांधल्या. वारा खालून खेळता राहिला आणि तिच्या तोंडावर दाट सावली पडली. दुसऱ्या दिवशी तो तिला गोरेगावच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे सांगितले, की मांस लहान आहे, बुबुळापर्यंत गेलेले नाही, आत्ता कापायची गरज नाही. सावली ठेवा, डोळा स्वच्छ ठेवा आणि अधूनमधून दाखवत जा. तो पापुद्रा तिथल्या तिथेच थांबला.

मित्रांनो, आता माझ्या पायाला भेग आहे आणि दगडोबाने दुसरी तिवई करून घेतली आहे. ती कशी रोवायची हे आता कोणाला सांगावे लागत नाही. तुम्ही शेतात जा, बाजारात जा, रस्त्यावर काम करा, डोळ्यांना सावली द्या. डोळ्याच्या कोपऱ्यात काही वाढताना दिसले, तर त्यात काहीबाही पिळू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्यासारखी चूक करू नका. तुम्ही सावलीला उभे राहिलात, की आधी समोरच्या माणसाकडे पाहा. तुमच्या वाटणीचे ऊन आता त्याच्या डोळ्यांत तर जात नाही ना?